जुन्या व्हॅनचं एलपीजी किट काढून नव्याने बसवायचंय? मग आधी पेट्रोलवर गाडी सरळ करा

जुनी पेट्रोल व्हॅन आहे, आधीच्या मालकाने कधीतरी गॅस किट बसवलंय, आता गाडी गॅसवर झटके देते नाहीतर गॅसवर जातच नाही, आणि तुम्ही ठरवलंय की सगळं उतरवून नवीन किट टाकायचं. चांगला विचार आहे. पण किट विकत घ्यायच्या आधी गाडी फक्त पेट्रोलवर एकदम सरळ चालवून घ्या, कारण गॅसवरच्या निम्म्या तक्रारी गॅसच्या नसतातच, इग्निशनच्या आणि कूलंटच्या असतात, आणि त्या तशाच ठेवून नवीन किट बसवलं तर पैसे गेले आणि गाडी परत तशीच.

गॅस आणि हवेचं मिश्रण पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे पेट्रोलवर जे मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं) जाणवतही नाही ते गॅसवर लगेच कळतं. प्लग नवीन टाका, गॅप कंपनीच्या आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवा, बऱ्याच जुन्या इंजिनांना ०.७ ते ०.८ मिमी चालते. हाय टेन्शन वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर बघा आणि शंका असेल तर बदलाच. मिक्सरवाल्या किटमध्ये, म्हणजे जिथे गॅस इनटेकच्या तोंडाशीच हवेत मिसळतो, तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे इनटेकभर गॅसचं मिश्रण असतं आणि चुकीच्या वेळी ठिणगी पडली की बॅकफायर होऊन एअर फिल्टरचा डबा फुटतो. सोबत कॉम्प्रेशन आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली गॅप) पण चेक करा. मऊ व्हॉल्व्ह सीटचं इंजिन असेल तर गॅसवर सीट झिजते, टॅपेटची गॅप हळूहळू कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

आता जुनं किट उतरवणं. टाकीत गॅस असेल तर ती स्वतः रिकामी करू नका प्लीज, ते काम अधिकृत गॅस फिटरचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात साचतो, म्हणून सर्व्हिसिंगच्या पिटवर किंवा बंद गॅरेजमध्ये हे काम नको, उघड्यावर करा, बॅटरी काढून ठेवा.

टाकीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी तिच्यावर ठोकलेली तारीख आणि मंजुरीचा नंबर वाचा, तारीख उलटली असेल किंवा गंजाने खड्डे पडले असतील तर रंग मारून परत बसवायचा विचार पण करू नका. मल्टिव्हॉल्व्ह (टाकीवरचा, गॅस भरणं आणि बाहेर सोडणं सांभाळणारा व्हॉल्व्ह) त्याच टाकीसाठी असलेला पाहिजे, आणि टाकी ज्या कोनात बसवायची खूण आहे त्याच कोनात बसवायची. हे लोक फार हलक्यात घेतात. आतला फ्लोट (पातळी मोजणारा तरंगता गोळा) ८० टक्क्यांवर भरणं बंद करतो, वरची २० टक्के जागा गरम झाल्यावर द्रव गॅस फुगतो त्यासाठी मोकळी लागते, आणि टाकी थोडी फिरवून बसवली की फ्लोट चुकीचं वाचतो, टाकी प्रमाणापेक्षा जास्त भरते आणि उन्हात प्रेशर वाढून सेफ्टी व्हॉल्व्हमधून गॅस बाहेर पडतो. पट्टे आणि फ्रेम चेसिसच्या मजबूत भागाला पकडा, नुसत्या पत्र्याला भोक पाडून नट आवळू नका. टाकी व्हॅनच्या आत असेल तर मल्टिव्हॉल्व्हवर हवाबंद डबा हवाच आणि त्याच्या व्हेंट नळ्या गाडीच्या खाली बाहेर निघाल्या पाहिजेत.

टाकीपासून इंजिनाकडे जाणारा गॅसचा पाइप गाडीच्या खालून न्यायचा, सायलेन्सर आणि प्रॉपेलर शाफ्टपासून लांब, आणि जवळजवळ क्लिपा मारायच्या म्हणजे तो कंप पावून घासणार नाही. तांब्याचा पाइप असेल तर इंजिनाजवळ एक वेटोळं ठेवा, नाहीतर कंपाने तो कडक होऊन चिरतो. जोडातल्या ऑलिव्ह रिंगा (आवळल्यावर पाइपवर दाबून बसणाऱ्या छोट्या धातूच्या रिंगा) जुन्या परत वापरू नका, प्रत्येक वेळी नवीन.

रेड्यूसर, म्हणजे द्रव गॅसचं प्रेशर कमी करून त्याची वाफ करणारा भाग, इंजिनावर नाही, बॉडीवर बसवायचा, आणि त्याची जागा कूलंटच्या वरच्या पातळीच्या खाली पाहिजे, वर बसवला की त्यात हवा अडकते. द्रव गॅसचं वाफेत रूपांतर होताना तो उष्णता ओढून घेतो, ती कूलंटमधून येते, म्हणून हीटरच्या होजमधून टी लावून गरम पाणी रेड्यूसरला द्या आणि मग सिस्टिममधली हवा काढा. गाडी गरम झाली तरी रेड्यूसरवर बर्फ धरतोय म्हणजे पाणी पोचत नाहीये, दुसरं कारण शोधत बसू नका.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट नक्की बघा, इंजिन बंद पडलं की गॅसचे सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारे व्हॉल्व्ह) लगेच बंद झाले पाहिजेत, किल्ली ऑन असली तरी. अपघातात हेच जीव वाचवतं. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोलच्या लाइनला पण सोलेनॉइड येतो, तो रिटर्न लाइनचा (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) विचार करून बसवा म्हणजे पंप अडकून राहणार नाही. सीक्वेन्शियल किट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं, असेल तर गॅस इंजेक्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या नळ्या आखूड आणि सगळ्या सारख्या लांबीच्या ठेवा, नाहीतर सिलिंडरमध्ये मिश्रण कमीजास्त होतं आणि कितीही लॅपटॉप लावून कॅलिब्रेशन केलं तरी आयडलिंग नीट बसत नाही.

पहिल्यांदा टाकीत थोडाच गॅस भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की गॅस बंद करून जोड खोला आणि परत बनवा, नुसता आवळत राहू नका. काडी पेटवून तर कधीच बघायचं नाही. हे झाल्यावर गाडी अधिकृत फिटरला दाखवा आणि तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे तपासणी आणि नोंद करून घ्या.

गाडी पेट्रोलवर सुरू करायची आणि कूलंट साधारण ४० अंशांच्या आसपास आलं की गॅसवर टाकायची. लिटरमागे गाडी पेट्रोलपेक्षा कमीच जाणार, साधारण २० ते २५ टक्के जास्त गॅस लागतो, ते किटचं खराब लक्षण नाही. इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोल टाकी पाव तरी भरलेली ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांत पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो आणि गॅसवर असताना पण फिरत असतो. गॅसचे फिल्टर वेळच्या वेळी बदला, आणि रेड्यूसरला ड्रेन प्लग असेल तर अधूनमधून, गॅस पूर्ण बंद करून, आत साचलेलं काळं तेल काढून टाका, ते डायफ्रामवर (रेड्यूसरमधल्या रबरी पडद्यावर) बसलं की आयडलिंग हळूहळू बिघडत जातं.