रिसर्चमधल्या घोटाळ्याची केस घेताय? मग या चुका टाळा

नाशिकमध्ये आपल्या प्रायव्हेट डिटेक्टिव्हच्या धंद्यात कामं येतात ती लग्नाआधीच्या चौकशीची, नाहीतर नवरा संध्याकाळी गंगापूर रोडला कोणाबरोबर फिरतो याची, त्यामुळे रिसर्चमधल्या घोळाची केस आली तरी आपण सवयीने बाईक काढतो आणि माणसाच्या मागे लागतो. इथेच पहिली माती होते. मी पण खाल्ली. द्राक्षावरच्या एका औषधाची ट्रायल खोटी आहे असा क्लायंटला संशय होता, मी चार दिवस ती ट्रायल करणाऱ्या सरांच्या मागे. सर कॉलेज, भाजी, घर. बस. पेट्रोल गेलं.

मग रिपोर्ट नीट वाचला तर छाटणी १५ ऑक्टोबरची आणि काढणीच्या वेळचं घडांचं वजन, शुगर मोजलेली १८ डिसेंबरला! दिंडोरीतल्या कोणत्याही बागायतदाराला विचारा, ऑक्टोबर छाटणीनंतर माल निघायला चारेक महिने लागतात, दोन महिन्यांत मणी हिरवे कडक असतात (सटाण्याकडच्या अर्ली बागा डिसेंबरात निघतात, पण त्यांची छाटणीच आधी झालेली असते). तरी लगेच फ्रॉड म्हणून ओरडू नका, तारीख टायपिंगची चूक पण असू शकते, आधी शेतातली मूळ वही मागा.

मशीनचंही तसंच. सहाशे सॅम्पल एचपीएलसीवर (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) चालवले म्हणतात ना, एकाला २५ मिनिटं धरली तरी २५० तास होतात, मग लॉगबुकात तेवढे तास आहेत का, मशीनला लागणाऱ्या सॉल्व्हंटची (द्रवाची) बिलं आहेत का, की मशीन तेव्हा रिपेरला होतं? संस्था सरकारी असेल तर १० रुपयांत आरटीआय टाका आणि ३० दिवस कळ काढा. लॅबमधल्या पोराला पैसे चारून झेरॉक्स काढू नका. सीडीआर, म्हणजे कोणाच्या फोन कॉलची यादी, तर अजिबात नको, २०१८ ला ठाणे पोलिसांनी त्यावरूनच प्रायव्हेट डिटेक्टिव्ह उचलले होते.

प्लेजरिझम सॉफ्टवेअरचा आकडा बघून पण हुरळू नका, ते फक्त शब्दांची चोरी पकडतं, आकडे मनाने लिहिले असतील तर त्याला काय कळणार. पंजाब युनिव्हर्सिटीच्या व्ही. जे. गुप्तांनी हिमालयातले म्हणून छापलेले फॉसिल (जीवाश्म) १९८९ मध्ये जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने नेचर या सायन्स जर्नलमध्ये उघडे पाडले, ते काय गुप्तांच्या मागे फिरून नाही, दगड मुळात कुठला हे बघून. काही तर मोरोक्कोतल्या नमुन्यांसारखे निघाले.

आणि सरांना आधी जाऊन जाब विचारायचा नाही, फायली गायब होतात. एक्सेल शीट व्हॉट्सॲपवर मागवू नका, मूळ कॉम्प्युटरवरूनच घ्या आणि कोर्टात जायचं असेल तर नव्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं, सर्टिफिकेट सोबत ठेवा. माझ्या त्या द्राक्षाच्या केसमधली शीट तीन जणांनी फॉरवर्ड करून माझ्याकडे आली होती, ती पहिली कोणी आणि कधी बनवली ते आता कोणालाच सांगता येत नाही.