पहिला रणगाडा जुळवताना

रणगाड्यांची प्लॅस्टिकची मॉडेल्स जुळवण्याच्या या छंदात नव्याने येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न रंगांचा विचारतात, नाहीतर हवेने रंग फवारणाऱ्या एअरब्रशचा. माझं म्हणणं असं की किटचा खोका उघडण्याआधी दोन-तीन संध्याकाळी ती गाडी समजून घेण्यात घालवाव्यात. इंजिन कुठे आहे, चालक कुठून आत उतरतो, कुठला पत्रा ओतीव आहे आणि कुठला वेल्ड केलेला, हे माहीत असलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. सुटे भाग अडीचशे असोत की हजार, मॉडेल खरं वाटतं ते या समजुतीमुळे.

उदाहरणासाठी मी एकच गाडी घेतो, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी शर्मन, एम४ए१ प्रकारचा. नवख्या माणसाला मी हाच सुचवतो. चाकं थोडी, आकार सुटसुटीत, आणि प्रत्यक्ष गाड्यांचे फोटो भरपूर उपलब्ध. माप १/३५, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाइतकं, घ्यावं. १/७२ मध्ये भाग इतके बारीक होतात की नव्या हातांना चिमट्यात धरणं अवघड जातं. १/१६ ला जागा आणि रंग दोन्ही खूप लागतात. शर्मनची लांबी सुमारे ५.८४ मीटर, म्हणजे १/३५ मध्ये साधारण १७ सेंटीमीटर. तळहातावर मावेल, तरीही वेल्डच्या रेषा आणि बोल्टची डोकी दिसतील, असा हा आकार आहे.

शर्मन इतका उंच का दिसतो? एम४ए१ मध्ये विमानासाठी बनवलेलं रेडियल, म्हणजे गोलाकार मांडलेल्या सिलिंडरांचं, इंजिन मागे बसवलेलं होतं आणि गिअरबॉक्स पुढे. दोघांना जोडणारा शाफ्ट चालकदलाच्या पायाखालून जायचा, म्हणून सगळी गाडीच वर उचलली गेली. गिअरबॉक्स पुढे, म्हणून दात्यांचं चाक, म्हणजे स्प्रॉकेटही पुढेच. इंजिन पेट्रोलवर चालणारं, म्हणून मागच्या डेकवर, म्हणजे इंजिनावरच्या छतावर, इंधन भरायच्या झाकणांभोवती ओघळांचे डाग शोभतात. डाग कुठे टाकावेत हे असं ठरतं.

आता हत्यारं. प्लॅस्टिक कापायचा चांगला निपर, टोकदार पात्याची सुरी, ४०० ते १००० नंबरचे सँडिंग पेपर, चिमटा, फटी भरायची पुट्टी आणि दोन प्रकारचे गोंद. एवढ्यावर पहिलं मॉडेल पूर्ण होतं. पातळ प्लॅस्टिक सिमेंट खरं तर चिकटवत नाही. ते पॉलिस्टायरिन विरघळवतं आणि दोन्ही कडा एकमेकांत मिसळून घट्ट होतात. म्हणून भाग आधी नेमका बसवायचा, मग ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवायचं. द्रव स्वतःच फटीत ओढला जातो. रेझिनचे भाग आणि फोटो-एचचे, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याचे, धातूचे भाग मात्र या सिमेंटने जुळत नाहीत, त्यांना सुपरग्लू लागतो. खिडकी उघडी ठेवा, आणि रंग फवारताना वाफा अडवणारा फिल्टर असलेला मास्क घाला. यात तडजोड नको.

स्प्रूवरून, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, भाग कापताना थोडं अंतर सोडून कापावं, मग उरलेला खुंट सुरीने आणि सँडिंगने साफ करावा. अगदी कडेला कापलं तर भागात खड्डा पडतो. साच्याच्या दोन अर्ध्या जिथे मिळतात तिथे प्रत्येक भागावर बारीक रेघ उमटते. तोफेच्या नळीवर ती राहिली तर रंगानंतर हमखास उठून दिसते, म्हणून सुरीची धार आडवी धरून ती हलकेच खरवडून काढावी. भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे पुट्टीने भरावेत, पण जे झाकले जाणार आहेत त्यांच्यावर वेळ घालवू नये. भाग जुळवण्याआधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर राहिला तर रंग धरत नाही.

शर्मनच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोगी, म्हणजे स्प्रिंगवर बसवलेले चाकांचे संच, प्रत्येकीला दोन चाकं. किटमध्ये सर्वात जास्त घोळ इथेच होतो. बोगी लावल्या की गोंद ओला असतानाच गाडी सपाट काचेवर ठेवा आणि बाराही चाकं टेकतात का, ते पाहा. एखादं अधांतरी असेल तर तेव्हाच हलवता येतं. तीस टनांची गाडी एका चाकावर तरंगते आहे असं दिसलं की पुढचं सगळं कौशल्य वाया.

आता माझा आवडता भाग. एम४ए१ चा वरचा सांगाडा, म्हणजे गाडीचं चिलखती धड, आणि टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, ओतीव पोलादाचे होते. ओतीव पोलाद किंचित खडबडीत असतं, आणि बऱ्याच किटमध्ये ते फार गुळगुळीत येतं. थिनरने पातळ केलेली पुट्टी जाड, राठ केसांच्या ब्रशने टोचून टोचून लावायची, सुकली की हलका सँडिंग पेपर फिरवायचा. खालच्या सांगाड्याच्या बाजू सपाट पत्र्याच्या, त्यांना हात लावायचा नाही. या एका फरकाने प्राइमरच्या, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या, थराखालीही दोन धातू वेगळे दिसू लागतात. हे काम हळू करावं, आणि संग्रहालयातल्या खऱ्या गाड्यांचे जवळून घेतलेले फोटो समोर ठेवावेत. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियमसारख्या ठिकाणच्या गाड्यांचे असे पुष्कळ फोटो मिळतात. फक्त रंगासाठी त्यांच्यावर विसंबू नका, कारण संग्रहालयातल्या कित्येक गाड्या पुन्हा रंगवलेल्या असतात.

ट्रॅकच्या, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्याच्या, बाबतीत गाड्या-गाड्यांत मोठा फरक आहे. शर्मनच्या ट्रॅकच्या पिनांभोवती रबर असायचं आणि वर आधाराला रोलर्स असायचे, त्यामुळे वरची बाजू बऱ्यापैकी ताणलेली दिसते. सोव्हिएत टी-३४ ला वरचे रोलर्सच नव्हते, म्हणून त्याचा ट्रॅक मोठ्या चाकांवर सैल पडलेला असतो. शर्मनला टी-३४ सारखी झोळ दिली की जाणकाराची नजर तिथेच अडकते. झिजेचंही तेच. टी-३४ चा ट्रॅक पूर्ण पोलादी, जमिनीला घासणाऱ्या कडा चमकतात. शर्मनचे अनेक ट्रॅक रबराच्या ठोकळ्यांचे होते. त्या ठोकळ्यांवर चंदेरी रंग फिरवणं चूकच. तिथे चमक येते ती कडेच्या जोडपट्ट्यांवर आणि त्यांच्यावरच्याच मार्गदर्शक दात्यांवर.

रंगाचं थोडक्यात सांगतो. आधी प्राइमर, त्यात राहिलेल्या फटी आणि ओरखडे उघडे पडतात, ते तेव्हाच दुरुस्त करावेत. एअरब्रश असेल तर दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. नसेल तर सपाट ब्रशने दोन-तीन पातळ थरही छान बसतात. ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे अमेरिकी गाड्यांचा मळकट हिरवा रंग, डबीतून थेट लावला तर लहान मॉडेलवर फार गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा फिकट पिवळसर रंग मिसळावा आणि वरून प्रकाश पडणारे भाग आणखी किंचित उजळ ठेवावेत. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावण्याआधी चकचकीत वॉर्निशचा थर द्यायचा. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि पांढऱ्या ताऱ्याभोवतीची फिल्म चंदेरी चमकते. ओतीव टरेटवर तर हे नक्की होतं.

वेदरिंगला, म्हणजे धूळ, डाग आणि झीज दाखवायच्या कामाला, हात घालण्याआधी जागा आणि महिना ठरवा. १९४३ चा ट्युनिशिया की १९४४ चा नॉर्मंडी? पहिल्या ठिकाणी फिकट, कोरडी धूळ. दुसऱ्या ठिकाणी गवत, गडद माती, पाऊस. मग चालकदल कुठे पाय ठेवतं ते पाहा. पुढचा उतार, टरेटभोवतीची जागा, हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या झाकणांच्या, कडा: रंग तिथे उडतो. गाडीच्या मधोमध, जिथे कुणाचा बूट पोहोचत नाही, तिथे ओरखडे नकोत. गंजही जपून वापरा. लढाईतल्या गाड्या बहुधा नव्याच असत. जाड गंज एक्झॉस्टवर आणि उघड्या पोलादी ट्रॅकवर शोभतो, दरवाज्याच्या मधोमध नाही. पिनवॉश, म्हणजे खूप पातळ केलेला गडद रंग, सांध्यांत आणि बोल्टभोवती, कोरडी पिगमेंट पावडर चाकांच्या आसपास. मॅट वॉर्निश पिगमेंटच्या आधी फवारा, नंतर फवारलं तर धुळीचा रंग निम्मा नाहीसा होतो. पेरिस्कोपच्या काचांना चकचकीत वॉर्निशचा थेंब सर्वात शेवटी.

दुसरं किट घ्याल तेव्हा त्याच घराण्यातला एम४ए३ घेऊन पाहा. त्याचा सांगाडा वेल्ड केलेला आहे, म्हणजे पुट्टीने पृष्ठभाग खडबडीत करायचं काम फक्त टरेटपुरतं आणि पुढच्या गिअरबॉक्सच्या झाकणापुरतं उरतं. त्याऐवजी मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूची तार सांध्यात बसवून, सिमेंटने मऊ करून, सुरीच्या पाठीने दाबत दाबत वेल्डची रेघ घालायची असते.