लाइव्ह रॉकसोबत आलेले जीव: या चुका टाळा

लाइव्ह रॉक म्हणजे समुद्री टँकमध्ये ठेवायचा, जिवंत जीवांनी भरलेला दगड. दिवे मालवल्यावर कुणी पहिल्यांदा टॉर्च मारतो, या दगडाखालून गुलाबी केसाळ गोम सरकताना दिसते आणि मला फोन येतो: "दादा, टँकमध्ये किडे झालेत, कुठलं औषध टाकू?"

काहीही टाकू नका. तो ब्रिसल वर्म. उरलंसुरलं खाणं, मेलेली गोगलगाय, फटीतली घाण तोच संपवतो. ठाण्यातल्या एका मित्राला धीर निघाला नाही, त्याने रात्री जंताचं औषध ओतलं. सकाळी पोचलो तेव्हा पाणी दुधाळ झालेलं, कुजका वास सुटलेला आणि क्लाउनफिशची जोडी वर येऊन तोंड उघडत होती. दगडातले शेकडो जीव एकदम मेले, त्यांच्या कुजण्याने अमोनिया चढला. जोडी वाचली नाही. वर्म फार वाढले असतील तर तुम्ही खाणं जास्त टाकताय, ते कमी करा. केस बोटात घुसले तर चिकटपट्टी लावून ओढा.

दुसरी चूक ऐप्टेशिया ब्लेडने खरवडण्याची. लांब दांडीचं, तपकिरी, माडाच्या झावळ्यांसारखे हात पसरलेलं हे समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जीव. दगडावर तळव्याचा कण राहिला तरी तिथून नवं उगवतं. मी पंप बंद करतो, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओ पाण्यात दाट कालवतो आणि सिरिंज अगदी सावकाश जवळ नेतो. धक्का लागला की ते भोकात शिरतं. थेट तोंडावर थेंब सोडायचा, एका दिवसात तीन-चारच, नाहीतर पीएच उडतो. ऐप्टेशिया खायला पेपरमिंट श्रिंप (कोळंबी) घेणार असाल तर नीट बघून घ्या. त्या नावाखाली कॅमल श्रिंप गळ्यात मारतात, पाठीला कुबड आणि लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा असलेला. तो प्रवाळच कुरतडतो.

दगड कधीही उकळू नका. त्यावर झोअँथिड (प्रवाळासारखे मऊ जीव) असेल तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे त्याचं विष घरभर पसरतं, माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत.

केसाळ पायांचा, काळ्या नांग्यांचा खेकडा दिसला तर मारू नका, संपमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या फिल्टर टाकीत) ठेवा.

शनिवारी दगड आणून रविवारी मासे सोडायची घाई मला मुळीच पटत नाही. माझा नवा दगड सहा आठवडे वेगळ्या टबात, हीटर आणि पंप लावून असतो. रोज रात्री लाल प्रकाशात दहा मिनिटं बघतो, दिसेल त्याचा फोटो काढतो. नाव कळेपर्यंत चिमटा हातात घेत नाही.