अक्षरओळखीच्या आधी पुस्तकाची गोडी

मूल वर्ष-दीड वर्षाचे झाले की पुस्तक त्याच्या हाती द्यावे. अक्षरे येण्याची वाट पाहू नये. या वयात पुस्तक चाटले जाते, आपटले जाते, म्हणून सुरुवात जाड पुठ्ठ्याच्या पानांनी करावी आणि पान फाटलेच तर न रागावता मुलाला सोबत घेऊन चिकटवावे. पुस्तके कपाटात बंद न ठेवता त्याचा हात पोहोचेल अशा फळीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडावीत, कारण लहान मूल पुस्तक नावावरून नव्हे, चित्रावरून ओळखते.

वाचून दाखवताना त्याला मांडीवर घ्यावे आणि पान त्यालाच उलटू द्यावे. घरात मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलली जात असेल तर गोष्ट आधी त्या बोलीत सांगावी व मग छापील वाक्ये वाचावीत. चित्राच्या कोपऱ्यात दडलेले मांजर आपल्याआधी मुलाला दिसते, तिथे थांबावे, “आता हे काय करेल?” असे विचारावे आणि त्याचे उत्तर मनापासून ऐकावे. “हे कोणतं अक्षर?” हा प्रश्न मात्र गोष्टीच्या मध्ये कधीही विचारू नये, त्या क्षणी गोष्टीची परीक्षा होते आणि मूल मांडीवरून उतरते. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तरी कंटाळा न करता वाचावे, कारण अशाच आवर्तनांतून वाक्ये त्याच्या ओठांवर येतात आणि एके दिवशी ते ओळींवरून बोट फिरवत स्वतःच ‘वाचू’ लागते. त्याला पाठ आहे म्हणून हसू नये. वाचनाची ती खरी सुरुवात असते.

मूल स्वतः वाचू लागले की मोठ्या टाइपातली, जोडाक्षरे नसलेली पुस्तके द्यावीत, पण वाचून दाखवणे थांबवू नये. पुष्कळ घरांत नेमके इथेच ते थांबते, याचे फार वाईट वाटते.

पुस्तकांसाठी फार खर्च करावा लागत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके स्वस्त असतात, ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत वाचता येतात, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी बालभारतीचे, १९७१पासून निघणारे ‘किशोर’ मासिक आहे. जमल्यास पाचगणीजवळच्या भिलारला, २०१७मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झालेल्या गावी, मुलांना न्यावे. तिथे पुस्तक त्यांनाच निवडू द्यावे, आणि निवडलेले पुस्तक वयाच्या मानाने सोपे किंवा अवघड वाटले, तरी ते परत ठेवायला लावू नये.