प्रोस्टेटच्या सोनोग्राफीत आकडे पाहताना या चुका टाळा

जत किंवा कवठेमहांकाळकडून मिरजेला तपासणीसाठी येणारा माणूस ‘लघवी भरून या’ एवढेच ऐकून सकाळच्या एसटीतच पाण्याची बाटली संपवतो, आणि पहिली चूक तिथेच होते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत भरलेले मूत्राशय खिडकीसारखे काम करते, त्यातून मागची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, दिसते, हे खरे. पण ते प्रमाणाबाहेर ताणले गेले तर त्याचे स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत आणि लघवी करून आल्यावरही बरीच आत उरते. माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच झाले. नंबर येईपर्यंत ते दोन तास मांड्या आवळून बाकावर बसले होते, आणि रिपोर्टात शिल्लक लघवी १८० मिली आली. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितले; त्या वेळी तासभर आधी दोन-तीन ग्लास पाणी पिऊन, लघवीची साधी भावना होताच ते आत गेले, तेव्हा तोच आकडा ४० मिलीवर आला. घाई असह्य झाली तर तेथील कर्मचाऱ्यांना सांगावे, त्यात संकोच कसला?

दुसरी चूक म्हणजे आकारमानाचा आकडा तराजूतल्या वजनासारखा पक्का मानणे. ग्रंथीची लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणतात. ४.६, ४.२ आणि ४.० सेंटिमीटर ही मापे असतील तर उत्तर सुमारे ४० सीसी (घन सेंटिमीटर) येते. त्यांतले शेवटचे माप केवळ अर्ध्या सेंटिमीटरने कमी धरले गेले तर तेच उत्तर ३५ सीसी होते. म्हणून सहा महिन्यांत ‘पाच सीसीने वाढली’ असे वाचून घाबरण्यापूर्वी दोन्ही तपासण्या एकाच पद्धतीने झाल्या होत्या का, हे पाहावे, कारण पोटावरून आणि गुदमार्गातून घेतलेल्या मापांत फरक पडू शकतो. काही रिपोर्टांत सीसीऐवजी ग्रॅम लिहितात. व्यवहारात दोन्ही जवळजवळ सारखेच.

सर्वांत जास्त गैरसमज आकार आणि त्रास यांच्या नात्याविषयी आहे. तरुणपणी साधारण २० ते २५ सीसी असणारी ग्रंथी वयानुसार वाढते, पण ६० सीसीची ग्रंथी असलेला एखादा गृहस्थ रात्रभर निवांत झोपतो आणि ३० सीसीवाल्याला चार वेळा उठावे लागते. ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयात वर घुसलेला असेल, तर एकूण आकार लहान असूनही धार अडते. म्हणून रिपोर्टात आकारमानाच्या जोडीला तो उंचवटा, शिल्लक लघवी, मूत्राशयाची भिंत आणि मूत्रपिंडावरील सूज यांविषयी काय लिहिले आहे, तेही डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

‘ग्रंथी वाढली’ याचा अर्थ कर्करोग नव्हे, आणि सोनोग्राफी साधी आली म्हणून कर्करोग नाहीच, असेही म्हणता येत नाही. पीएसएचा (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या, रक्ततपासणीत मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाचा) आकडा पाहताना मात्र आकारमान उपयोगी पडते: पीएसए ४ आणि ग्रंथी ४० सीसी असेल तर भागाकार ०.१ येतो, तर तेच पीएसए २० सीसीच्या ग्रंथीत ०.२ देते, आणि ०.१५ च्या पुढे डॉक्टर अधिक सावध होतात. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण सहा महिने ते वर्षभरात या गोळ्यांनी पीएसए साधारण निम्मे होते आणि ग्रंथीही आकसते. वडिलांच्या फाइलमध्ये अशा गोळीची चिठ्ठी होती. ती आम्ही पहिल्या भेटीत दाखवलीच नव्हती.