चोंदलेल्या नाकाने समुद्राखाली जाण्यापूर्वी

मालवणला स्कूबासाठी, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील हवा घेत समुद्राखाली डुबकी मारण्यासाठी, जाणार असाल, तर मुक्कामात एक राखीव दिवस ठेवा. टॉवेल, ओळखपत्र, पोहण्याचे कपडे या गोष्टी कोणी सांगण्याची गरज नसते. मागच्या दिवाळीत मी त्या सगळ्या नेल्या होत्या. राखीव दिवस तेवढा नव्हता, आणि त्यामुळेच वर येताना डाव्या भुवईत खिळा ठोकल्यासारखी कळ सोसत, मास्कच्या तळाशी साचलेले गुलाबी पाणी बघत मी बोटीवर चढलो.

आपल्या भागाची खरी अडचण हंगामाची आहे. पावसाळ्यात बंद असलेली स्कूबा तिकडे सुरू होते, त्याच सुमारास इकडे सोयाबीन हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर, येते. निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी कुटाराच्या (मळणीतल्या भुशाच्या) धुळीत उभा होतो. तेव्हा निदान आठ दिवस आधी मळणीचे काम दुसऱ्या कोणावर सोपवावे, आणि ते जमणारच नसेल तर तारीख पुढे ढकलावी. नाकाचे हाड वाकडे असल्यास, आत मांस वाढलेले असल्यास किंवा दमा असल्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधीच दाखवावे. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल, तर ते पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. विहिरीचे पाणी तसेच वापरू नये.

कपाळातील आणि गालांतील हाडांच्या पोकळ्या नाकात अगदी बारीक छिद्रांनी उघडतात. समुद्रात 10 मीटर खाली गेल्यावर एकूण दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो आणि कोंडलेली हवा निम्म्या जागेत आक्रसते. सुजेमुळे छिद्र बंद असेल, तर ती पोकळी भरून काढण्यासाठी आतले अस्तर फुगते आणि रक्त झिरपते. हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा फरक याच पहिल्या 10 मीटरांत पडतो, त्यामुळे ‘आपल्याला कुठे फार खोल जायचे आहे’ असे म्हणून स्वतःची समजूत घालू नये. विहिरीच्या तळाचा खडा काढताना दोन पुरुष खोल पाण्यातच कान कसे ठणकतात, हे आठवून पाहावे.

नाक मोकळे करणाऱ्या फवाऱ्यावर विसंबू नये. मी तो सकाळी सहा वाजता मारला, आणि बोटीचा क्रमांक लागला दुपारी. उतरताना विशेष काही जाणवले नाही; परंतु औषधाचा असर ओसरल्यावर सूज परत येते, आणि वर येताना प्रसरण पावणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. खाली जाताना दुखले तर माणूस परत फिरू शकतो. वर येताना दुखले तर फार तर थोडे खाली जाऊन सावकाश वर यावे लागते, कारण टाकीतील हवा मोजकीच असते. त्यातच हा फवारा अनेक दिवस सलग वापरला, तर नाक आणखी चोंदते.

त्या सकाळी नाक बंद आहे हे मला कळले नव्हते, असे नाही. परतीची गाडी त्याच रात्रीची होती, पैसे भरलेले होते आणि मुले किनाऱ्यावर उभी होती. दुसरा दिवस हाताशी असता, तर मी प्रशिक्षकाला सरळ नाही म्हणालो असतो. म्हणून पुन्हा लिहितो: राखीव दिवस. दोन ठेवता आले तर दोन ठेवा, आणि हॉटेलचा खर्च वाचवण्यासाठी त्याला कात्री लावू नका.

उतरताना पाय खाली ठेवून दोरीच्या आधाराने सावकाश जावे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे किंवा आवंढा गिळावा. हे पृष्ठभागापासूनच सुरू करावे, दुखण्याची वाट पाहू नये. कान मोकळा होत नसेल, तर थोडे वर यावे. जोर लावून फुंकल्यास आतल्या कानाला इजा होऊ शकते. अंगठा खाली म्हणजे ‘खाली जायचे’, वर म्हणजे ‘वर जायचे’. आपल्या सवयीने ‘छान’ म्हणून अंगठा दाखवू नये.

बाहेर आल्यावर नाकातून रक्त आले, तर त्या सहलीपुरती डुबकी संपली असे समजावे. कपाळ दुखत राहिले किंवा पिवळा शेंबूड येऊ लागला, तर डॉक्टरांकडे जावे. एका डुबकीनंतर किमान 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर 18 तास विमानात बसू नये. परतीच्या वाटेवरचा उंच आंबोली घाटही त्याच दिवशी चढू नये. त्यासाठीही तो राखीव दिवस लागतोच.