टर्बो इंजिनाला मोठे कॅम टाकताय? या चुका टाळा

मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशन गाडीचं 1997 सीसीचं 4जी63 इंजिन हातात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) 264 चा टाकू, 272 चा की थेट 280 चा? हे आकडे म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते. मी आधी उलट विचारतो, टर्बाइनच्या (एक्झॉस्टच्या गॅसने फिरणारं टर्बोचं चाक) अलीकडे प्रेशर किती आहे? बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं. सगळं चुकायला सुरुवात होते ती इथूनच.

इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात, तो ओव्हरलॅप. टर्बो नसलेल्या इंजिनात तो कामाचा, कारण बाहेर पडणारा जळालेला गॅस आपल्यामागे ताजी हवा ओढतो. टर्बोमध्ये त्या गॅसच्या वाटेत टर्बाइन आडवी आलेली असते. छोट्या टर्बोवर बूस्ट (टर्बोने इनटेकमध्ये कोंबलेल्या हवेचं प्रेशर) 1.2 बार असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये 2 बार सहज साठतं. अशा वेळी ओव्हरलॅप मोठा असेल तर गॅस उलटा इनटेककडे घुसतो. ताज्या हवेची जागा जाते, उरलेली हवा तापते आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) सुरू होतं. मी हे स्वतः भोगलंय. मूळ टर्बोवर 280 बसवले, बूस्ट उशिरा यायला लागला आणि वर नॉकिंगमुळे इग्निशन मागे घ्यावं लागलं. शेवटी मूळ कॅम परत घातले, तेव्हा गाडी जास्त पळाली.

मोजणं अवघड नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टर्बाइनच्या आधी भोक पाडा, आटे मारा, तांब्याची नळी बसवा. नळीला दोन-तीन वेटोळी द्या, नाहीतर पुढची रबरी होस वितळेल. मग साधा प्रेशर गेज. बूस्ट 1.5 आणि इथे 1.6 दिसलं तर मोठा कॅम पचेल. दुप्पट दिसलं तर कॅमचे पैसे राखून ठेवा, आधी टर्बाइन हाउसिंग बदला.

कॅम आधीच घेतले असतील तर अ‍ॅडजस्टेबल कॅम गिअर हाताशी आहेत, त्यांनी कॅमचं टायमिंग मागेपुढे करता येतं. 272 चे दोन कॅम, दोन्हींची सेंटरलाइन (पिस्टन सर्वांत वर असण्यापासून व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्यापर्यंतचं अंतर) 110 अंश, म्हणजे ओव्हरलॅप 52 अंश. इनटेक 4 अंश मागे आणि एक्झॉस्ट 4 अंश पुढे केला की तो 44 वर येतो. हे अंश क्रँकचे. कॅमवर ते निम्मे होतात, आणि इथेच अनेकांचा घोळ होतो. हेडला फेसिंग मारलं (पृष्ठभाग घासून सपाट केला) असेल तर बेल्टच्या इंजिनात टायमिंग आपोआप मागे सरकतं. म्हणून खुणा जुळल्या यावर थांबू नका, डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) आणि डायल गेज (व्हॉल्व्ह किती सरकला ते मोजणारा) लावाच.

दोन कंपन्यांचे 272 सारखे नसतात. एक अगदी सुरुवातीच्या लिफ्टपासून (व्हॉल्व्ह उचलला जाण्यापासून) मोजते, दुसरी 1 मिलिमीटरपासून. एकाच लिफ्टवरचे आकडे मागून घ्या.

जुन्या व्हॉल्व्ह स्प्रिंगवर नवा कॅम नको. 34 मिलिमीटरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर 1 बार बूस्ट म्हणजे सुमारे 9 किलोचा जोर, तोही उघडण्याच्या दिशेने. वरच्या आरपीएमला गाडी मिसिंग मारायला लागली की सगळे कॉइल बदलतात. त्याआधी प्लग गॅप 0.6 मिलिमीटरवर आणून बघा. मिसिंग थांबलं तर दोष इग्निशनचा. त्याच आरपीएमला तसंच राहिलं तर स्प्रिंग तपासा.

आयडलिंगला वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो म्हणून पेट्रोल वाढवणं हीसुद्धा नेहमीची चूक. ओव्हरलॅपमध्ये थोडी ताजी हवा न जळता एक्झॉस्टमध्ये जाते आणि सेन्सर ती मोजतो. प्लग काढून बघा. काळे असतील तर मिश्रण आधीच जड आहे. पेट्रोल कमी करा, आयडलिंगचा आरपीएम थोडा वाढवा.

आणि हेड कायमचं आवळण्याआधी पिस्टनवर प्लॅस्टिसिन थापून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. हेड उतरवून तो थर ब्लेडने कापा आणि सर्वांत पातळ जागी मोजा: इनटेकला किमान 2 मिलिमीटर, एक्झॉस्टला 2.5. कमी भरलं तर ते इंजिन स्टार्ट करू नका.